साहेबांचं पान

माझ्या बायकोच्या मामांइतका जीव लावणारा माणूस अमेरिकेतल्या आमच्या अख्ख्या कॅरी गावात सापडणार नाही. अडचण एवढीच, की त्यांनी जीव लावला तो कधीच वारलेल्या एका इंग्रजाला. मामा औषधांच्या कंपनीतून रिटायर झालेले, बिनलग्नाचे. कुणाच्या तरी घरच्या जुन्या सामानाच्या गराज सेलमध्ये बाकीचे लोक खुर्च्या आणि लॅम्प बघत होते, तेव्हा यांनी एक जुनी तसबीर उचलली. पायाखाली फुटबॉल, काखेत क्रिकेटची बॅट आणि ऐटीत त्या दोन्हींवर मात करणाऱ्या मिशा. मागे नाव होतं. मामांनी त्या नावाचा असा पिच्छा पुरवला, की मुलीसाठी स्थळ बघणाऱ्या बापानंही इतकी चौकशी केली नसती. साहेब व्हिक्टोरिया राणीच्या काळातले हौशी खेळाडू निघाले. हिवाळ्यात फुटबॉल, उन्हाळ्यात क्रिकेट आणि खेळाचा एक पैसा घ्यायचा नाही हा बाणा. देशाकडून एकदाच फुटबॉल खेळले, तो सामना हरले. पुढे तंबाखूच्या धंद्यासाठी इकडे कॅरोलायनात आले आणि त्यातही बुडाले. लग्न नाही, मूलबाळ नाही. "मामा, हा माणूस कधी जिंकला का हो?" मी एकदा विचारलं. "जावईबापू, जिंकतं काय, कुणीही," मामा म्हणाले, "साहेब हौसेनं खेळायचे."

मामा स्वतः कॅरमच्या पलीकडे काही खेळलेले नव्हते. पण साहेब घरात आल्यापासून ते आमच्या वीकेंड क्रिकेटचे अंपायर झाले, तेही भर उन्हाळ्यात टाय लावून. अपील झालं की ते सरळ बॅट्समनलाच विचारायचे, "काय रे, लागला का बॉल बॅटला?" साहेबांच्या काळी म्हणे आऊट झालेला गृहस्थ आपणहून चालू लागायचा. आमचे गृहस्थ पडले आयटीतले. "नाही काका, प्रॉमिस, पॅडला लागला," ते म्हणायचे, आणि मामा "मग खेळ" म्हणून मान डोलवायचे. बोलर कपाळावर हात मारून घ्यायचा. "काका, यार, बॅटची एज पार्किंग लॉटपर्यंत ऐकू गेली!" "गेली असेल. पण त्यानं शब्द दिलाय ना?" पुढे एकदा एक नागपूरकर खरोखरच न विचारता चालू लागला, तेव्हा मामांचे डोळे भरून आले. तो बिचारा पाणी प्यायला निघाला होता.

बायकोला हे सगळं चालायचं. तिचं बिनसायचं ते सर्वपित्री अमावास्येला. ज्यांची तिथी ठाऊक नाही त्यांचंही त्या दिवशी होतं, म्हणून मामांनी आपल्या आईवडिलांच्या पानाशेजारी साहेबांचं पान वाढायला सुरुवात केली. भात, वडे, खीर आणि साहेबांपुरता कपभर चहा. "मामा, तो आपला कोण लागतो रे?" ती विचारायची. "कोणी नाही. म्हणून तर. ज्याच्या मागे कुणी नाही, त्याला कोण वाढणार गं?" असं म्हणताना मामा तसबिरीकडे बघत नसत. ते कुणाबद्दल बोलताहेत हे आम्हा दोघांना कळायचं, पण आम्ही विषय बदलायचो. आणि कावळा काही साहेबांच्या पानाला शिवायचा नाही. शेजारचं पान साफ करून उडून जायचा, आणि साहेबांचे वडे खारी पळवायच्या.

गेल्या वर्षी मामांनी घर विकलं आणि पुण्यातल्या एका वृद्धनिवासात जायचं ठरवलं. तिथे भिंतीला खिळे ठोकू देत नाहीत, त्यामुळे साहेब आमच्याकडे राहायला येणार होते. जाण्याआधीची सर्वपित्री आमच्या घरी झाली. घरामागच्या लाकडी डेकवर साहेबांचं पान मांडलं, कावळा कुंपणावर येऊन बसला आणि बसूनच राहिला. मामांनी हात जोडले. "साहेब, त्या मॅचचा स्कोअर कुणाला सांगणार नाही." कावळा हलला नाही. "तंबाखूचंही नाही." तरी नाही. मीही पुढे झालो आणि म्हणालो, "साहेब, यापुढे एज लागली की मी आपणहून चालू लागेन." कावळ्यानं तोंड फिरवलं, त्यानं माझी बॅटिंग पाहिली असावी. मामांचा चेहरा मात्र उतरला. "जाऊ दे," ते म्हणाले. "पुढे आपलं कुणी नाही, हे त्यांना कळलंय."

तेवढ्यात बायको ओले हात पुसत बाहेर आली. "साहेब, दरवर्षी मी वाढेन," ती म्हणाली, "चहासकट." मग मामांकडे बघून जरा थांबली. "आणि वेळ येईल तेव्हा मामाचंही वाढेन. पण तुम्ही त्याला बोलवायची घाई करू नका."

कावळा उतरला, वडा उचलला आणि उडाला. मामांनी टायनं चष्मा पुसला, आणि तो पुन्हा लगेच पुसावा लागला.

दुसऱ्या दिवशी ते स्वतः तसबीर लावायला आले. एक खिळा ठोकला, आणि मग हातभर अंतरावर दुसरा. "हा कशाला?" मी विचारलं. "असू दे, जावईबापू," म्हणाले आणि हातोडी माझ्या हातात देऊन चहाला बसले.

आता मामा पुण्यात असतात आणि फोनवर साहेबांची खुशाली आधी विचारतात. त्यांच्याशिवाय मॅच लवकर संपते. कुणी कुणाला काही विचारत नाही. त्या दुसऱ्या खिळ्यावर बायकोनं कॅलेंडर लावलंय. यंदाचं संपलं की नवं लावते, आणि तो खिळा अजून पुष्कळ वर्षं कॅलेंडरलाच लागणार आहे, असं साहेबांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणते.