शेवटचा बॉल कुणाचा

व्हॉलीबॉलमध्ये बॉल ज्याचा असेल त्याने ओरडून सांगायचं असतं. हे मला माझ्या लेकीमुळे कळलं, नाहीतर माझा खेळांशी संबंध लग्नाआधी पुण्यात खेळलेल्या बॅडमिंटनपुरता. चिक्कडपल्लीतल्या तिच्या शाळेच्या टीममध्ये तेलुगू, उर्दू, मारवाडी आणि आमची एक मराठी अशी सगळी सरमिसळ, म्हणून सरांनी ओरडायला एकच शब्द लावून दिला होता. ‘नादी’. तेलुगूत त्याचा अर्थ ‘माझा’. लेक घरभर ‘नादी, नादी’ करत भिंतीवर बॉल आपटायची आणि तिचे बाबा मोबाइलमधून डोकं वर काढून विचारायचे, “कुणाच्या नादी लागलीस गं?” ते तीन पिढ्यांचे हैदराबादी. एक विनोद हाती लागला की झिजेपर्यंत वापरतात.

यंदा या मुलींनी कहर केला. राज्य स्पर्धेत एकेक टीम गारद करत थेट फायनल गाठली. फायनल सिकंदराबादला होती. मी डबा, पाणी, टॉवेल आणि खणखणीत घसा घेऊन हजर. शांत बसून मॅच बघणाऱ्या आयांचं मला कौतुक वाटतं, पण मला ते जमत नाही. रेफ्रीला मी जे काही बोलले ते अस्सल मराठीत बोलले, म्हणून निभावलं.

समोर खम्ममच्या मुली, एकेक ताडमाड. तरी आमच्या पोरींनी त्यांना शेवटच्या सेटपर्यंत ओढत नेलं. आता त्यांना जिंकायला एकच पॉइंट हवा होता. सर्व्हिस आली ती बरोबर माझी लेक आणि कॅप्टन यांच्या मधोमध. कॅप्टन दहावीतली, गौलीगुड्याची, टीमचा सगळा जीव तिच्यात. नववीतली माझी लेक तिला ‘अक्का’ म्हणते आणि तिच्याशी तेलुगूत अहोजाहो करून बोलते.

लेक ओरडली. पण घाबरलं की माणूस घरच्या भाषेत ओरडतो. ती ‘नादी’ विसरली आणि “मी, मी” म्हणाली. आता तेलुगूत ‘मी’ म्हणजे ‘तुमचा’. म्हणजे धाकटीने थोरलीला अगदी अदबीने सांगितलं की अक्का, हा बॉल तुमचा. अक्का धावली. लेक तर धावलीच होती. दोघींची डोकी एकमेकींवर आपटली आणि बॉल दोघींच्या मध्ये पडला. अक्काच्या भुवईला टाके पडले आणि कप खम्ममला गेला.

ही गोष्ट शाळेत, बिल्डिंगमध्ये, भाजीवाल्याकडे, सगळीकडे पोट धरून सांगितली गेली. तिच्या बाबांनी तर माझ्या माहेरी फोन करून ऐकवली. हसली नाही ती एकटी लेक. तिने बूट बाल्कनीच्या कोपऱ्यात टाकले आणि जाहीर केलं, “आई, मी नेक्स्ट सीझन खेळणार नाही. माझ्यामुळे गेली फायनल.” मला वाटलं, चार दिवसांत विसरेल. विसरली नाही. प्रॅक्टिसच्या वेळी सकाळी भिंतीकडे तोंड करून पडून राहायची.

इकडे पुढच्या सीझनचं चित्र काही फार बरं नव्हतं. कॅप्टनसकट दहावीच्या सगळ्या जाणार. आठवीतून येणाऱ्या दोघी उंच आहेत, पण बॉल जोरात आला की डोळे मिटतात. सर्व्हिस बरी आहे. मागची बाजू सांभाळायला मात्र माझ्या लेकीशिवाय कुणी नाही, हे सर स्वतः घरी येऊन, चहा पिऊन, पुन्हा चहा पिऊन सांगून गेले. तेवढा वेळ लेक आतल्या खोलीत कडी लावून.

मग एका रविवारी कॅप्टन आली, भुवईवर पट्टी लावून. तिला माझी थालीपिठं आवडतात. मी तवा ठेवला, लेकीला बाहेर ओढून आणलं आणि दोघींना स्वयंपाकघरातच वाढलं. एक थालीपीठ संपवून कॅप्टन म्हणाली, “आंटी, एक बात बोलनी थी. मैं समझी थी. ‘मी’ बोले तो मैं, इतना नहीं मालूम क्या मेरेकू? दो साल से तुम्हारे घर में खा रही हूँ. मेरेकू लगा इससे नहीं होता, इसलिए गई.”

लेकीचा चेहरा लाल झाला. “समझके भी आई? वो मेरा बॉल था.”

“हौ, था.”

“मैं लेती थी वो.”

“लेती थी. गलती मेरी है.”

लेक अर्धं ताट सोडून उठली. मलाही त्या पोरीचा राग आला. माझी मुलगी इतके दिवस दोष डोक्यावर घेऊन बसली होती आणि ही बया आत्ता सांगत होती. पुढचं थालीपीठ मी उलटलं ते जरा आपटूनच. तेवढ्यात बाल्कनीतून बूट एकमेकांवर आपटून माती झाडल्याचा आवाज आला. पाठोपाठ लेक ओरडली, “आई, उद्या मला पाच वाजता उठव.”

कॅप्टन निघाली तेव्हा मी तिच्यामागे जिन्यापर्यंत गेले. मला राहवेना. ती चप्पल घालत होती. मी हळूच विचारलं, “सच्ची समझी थी क्या गं?”

“उतनी देर में किसकू क्या समझता आंटी,” ती म्हणाली. मग आमच्या दाराकडे बघत तिने विचारलं, “अब खेलेगी ना वो?”

“खेलेगी,” मी म्हटलं आणि तिला तिथेच जवळ घेतलं, भुवईच्या पट्टीला धक्का लागू नये म्हणून जरा वाकडंच.