डाव्या फोटोतला भाऊ

आमचे बाबा आंधळगावच्या शाळेत ड्रॉइंगचे मास्तर. त्यांना नाद एकच, नागपूरच्या इमारतींचे जोडफोटो काढायचा. कॅमेरा फळीवर ठेवून एक फोटो काढायचा, चार बोटं उजवीकडे सरकवून दुसरा, आणि दोन्ही शेजारीशेजारी पुठ्ठ्यावर चिकटवायचे. दोन भिंगांच्या लाकडी चष्म्यातून पाहिलं की इमारत उठून उभी राहायची, खांब पार नाकाशी यायचे. माणसं हलतात, म्हणून बाबा उजाडताच फोटो काढायचे. त्या ओस इमारतींची मला भीती वाटायची, अजून वाटते.

आणीबाणी उठली त्या वर्षी माझा थोरला भाऊ बाबांशी भांडून घरातून निघून गेला. पुढे चारेक महिन्यांनी बाबांनी नागपुरातल्या एका जुन्या कचेरीचा जोडफोटो तयार केला. मायनं चष्मा डोळ्यांना लावला आणि किंचाळलीच, "अजी, हा आपला पोरगा व्हय!"

खरंच की! डाव्या फोटोत पायऱ्यांवर भाऊ उभा होता, सरळ कॅमेऱ्याकडे बघत. उजव्या फोटोत पायऱ्या रिकाम्या. दोन्ही डोळ्यांनी पाहिलं की तो लुकलुकायचा, त्याच्या शर्टातून मागची भिंत दिसायची.

"तिथं कोणीच नव्हतं," बाबा म्हणाले. "मी समोर उभा होतो, मले दिसला नसता काय?"

इमारत समोर असली की बाबांना माणूस दिसायचा नाही, हे आम्हाला ठाऊक होतं. बाबांना ओळखून तो दोन फोटोंच्या मधल्या वेळात निघून गेला, हेही कळलं होतं. बाबा दोनदा नागपूरला जाऊन हात हलवत परत आले. मग कॅमेरा पेटीत गेला.

माय रोज दुपारी उजवा डोळा मिटून त्याला बघत बसायची. मी चिडायचे, "काहून पाहतेस वो रोज? त्यानं एक चिठ्ठी तरी टाकली काय?"

काही वर्षांनी तिच्या नेमक्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू झाला. "पोरगा धुरात गेला माह्या," म्हणून रडायला लागली. मला राहवेना. मी दोन्ही फोटो सोडवले आणि अदलाबदल करून चिकटवले. आधी स्वतः पाहिलं, तर बाप्पा! इमारत आतली बाहेर झालेली, खांब भिंतीच्या मागं गेलेले, आणि पायऱ्यांवर तो. मी घाबरून चष्मा खाली ठेवला. माय मात्र हसली. तिच्या चांगल्या डोळ्यासमोर आता तो होता.

"आता डोळा न मिटता पुरा आला. हालत बी नाही."

पुढं भंडाऱ्याला मोतीबिंदूच्या ऑपरेशनचं फुकट शिबिर लागलं. मी तिचं नाव घातलं. न्यायला जीप आली त्या सकाळी ती चष्मा घेऊन बसून राहिली.

"मी नाही जात."

"येडी झालीस काय? डोळा जाईन तुझा!"

"जाऊ दे. एका डोळ्यानं तो हाय. दोन्ही उघडले की तो जाते."

मी तिच्यावर खूप ओरडले, मग रडले, कारण फोटो बदलणारी मीच. बाहेर जीपवाला हॉर्न वाजवून राहिला होता. शेवटी बाबा उठले, दारात गेले आणि म्हणाले, "तुम्ही जा जी. ती नाही येत."