आण्णांना पाडलं त्या निवडणुकीत

आण्णांना पाडणाऱ्यांत मी एक होतो.

सकाळपासून सगळ्या ग्रुपवर त्यांचे श्रद्धांजलीचे फोटो फिरतायत. दोन वेळचे आमदार, सर्वांचे लाडके, वगैरे. एवढे लाडके होते तर तिसऱ्या निवडणुकीत पडले कसे, हे कुणीच लिहीत नाही.

म्हणून मी लिहितोय.

नव्वदच्या दशकात आमच्या मतदारसंघात अर्धी गावं या गटाची, अर्धी त्या गटाची. कधी हा गुलाल, कधी तो. सख्खा भाऊ भावाच्या घरच्या लग्नाला जायचा नाही.

आण्णा मात्र दोन्हीकडच्या मांडवात जेवायचे.

मी त्यांचा गावातला कार्यकर्ता. मला हे अजिबात पटायचं नाही.

दुसऱ्यांदा निवडून आल्यावर आमच्या गावात त्यांनी पहिला रस्ता केला, तोही विरोधी गटाच्या गल्लीत! मी भर चौकात त्यांची गाडी अडवली.

"मतं आमी दिली, आन् डांबर त्यास्नी?"

"त्या गल्लीतनं पोरी शाळंला जात्यात. गुडघाभर चिखल हाय."

"ती आपली माणसं न्हाईत, आण्णा!"

"आरं, चिखल काय मत बघून लागतोय व्हय?"

चौक हसला. मला ते हसणं फार लागलं.

पुढच्या इलेक्शनला मळ्यातल्या वस्तीवरची माणसं बूथवर आणायचं काम माझ्याकडं होतं. बहुतेक सगळी म्हातारी. माझ्या जीपशिवाय त्यांना येणं शक्य नव्हतं.

मतदानाच्या सकाळी मी निरोप धाडला, "ताप आलाय." आणि दार लावून दिवसभर टीव्ही बघत बसलो.

वस्तीवरची माणसं धुतलेले कपडे घालून संध्याकाळपर्यंत माझी वाट बघत होती. हे मला नंतर कळलं.

आण्णा अगदी थोडक्यात पडले. बूथवार आकडे आले, तेव्हा वस्तीवरची मतं पडलीच नाहीत हे सगळ्यांनाच समजलं; ताप खोटा होता, हे मात्र मी कुणाला कळू दिलं नाही.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी आण्णा आमच्या दारात. एकटेच. हातात मोसंब्यांची पिशवी.

मी घाईघाईनं चादर ओढून घेतली. ते कॉटवर बसले, माझ्या कपाळावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला.

"उतरलाय की," म्हणाले. "जप जरा."

मग आईशी म्हशीच्या दुधाबद्दल बोलले, चहा घेतला आणि गेले.

शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

त्यांना परत कुणी तिकीट दिलं नाही. "लई मवाळ माणूस," दोन्हीकडचे म्हणाले. पुढं कितीतरी लग्नांत, बाजारात भेटले. पोरांचे मार्क विचारायचे. आज सांगून टाकू, असं दर वेळी ठरवायचो आणि दर वेळी "चाललंय" म्हणून सटकायचो.

आज अंत्ययात्रेत दोन्ही गट होते. मी मागंच उभा होतो. आण्णांच्या मुलानं मला बघितलं आणि स्वतः बाजूला झाला.

"काका, तुमी या फुडं. आण्णांचं खास माणूस तुमी."

मी खांदा दिला. तेव्हाही तोंड उघडलं नाही.

उद्या रक्षाविसर्जन आहे. त्याआधी आण्णांच्या घरच्यांना, वहिनींना, हे माझ्याकडूनच कळावं. वहिनी, हे वाचून उद्या मला दारातून परत पाठवलंत, तरी मी काही बोलणार नाही.

आण्णा, चुकलो.

सुखानं जावा.