निखारा बाहेर होता

महाराष्ट्र नुकता झाला होता. बुलढाण्यातल्या आमच्या लाँड्रीत गरम कोट पेट्रोलमध्ये धुवायचे. कोट धुवायच्या दिवशी आमचे हे कोळशाची इस्त्री स्वतः बाहेर लिंबाखाली नेऊन ठेवत. दारात कोणी बिडी ओढत आला, तर त्याला शिव्या घालत.

वाळत घातलेले कपडे माकडं पळवायची. म्हणून ह्यांनी जुन्या टेलिफोनच्या पेटीच्या दोन तारा एका काठीच्या टोकाला बांधल्या होत्या. एकानं पेटीचा दांडा फिरवून वीज काढायची, दुसऱ्यानं काठी माकडाला लावायची. टोकाशी निळी ठिणगी उडे. मी एकदा बोलले, तर म्हणाले, "येच्यात कुठं आग हाय वं?" पुन्हा बोलायची माझी छाती झाली नाही.

एका दुपारी माकड थेट धुण्याच्या खोलीत शिरलं. पेट्रोलच्या वासानं डोळे चुरचुरत होते. काठी घेऊन हे आत गेले, पेटी माझ्याजवळ अंगणात. "फिरव ना वं!" ते आतून ओरडले. मी दांडा फिरवला. आत भडका उडाला.

माकड खिडकीतून निसटलं. हे नाही.

पंचनाम्यात आगीचं कारण म्हणून इस्त्रीचा निखारा लिहिला. इस्त्री लिंबाखालीच होती. मी सही केली.