विसार न देता गेलेला ट्रक
मुंबईच्या एका निर्यातदाराने मला फसवलं, आणि तेही हसत हसत. परवा गंगापूर रोडवर दुकानदाराने परदेशी द्राक्षांचं खोकं उघडलं. द्राक्षं टिकवणाऱ्या आतल्या गंधकाच्या कागदाचा विझलेल्या काडीसारखा उग्र वास आला आणि नव्वदच्या दशकातला तो उन्हाळा आठवला; असाच कागद त्या निर्यातदाराने माझ्या बागेत आणून ठेवला होता. मी सौद्याचा विसार, म्हणजे आगाऊ रक्कम मागितली, तर निर्यातदार म्हणाला, “भाऊसाहेब, युरोपात विसार नाही, विश्वास चालतो.” तिकडे मोठाच मणी लागतो म्हणून त्याने घडांतले निम्मे मणी कोवळेच कातरायला लावले. कातरणाऱ्या बाया म्हणायच्या, “भाऊ, लय जीव जळतो.” द्राक्षं पिकली, त्याने मापाच्या कडीतून मणी घालून पाहत ती पसंत केली, आणि तोडणीच्या दिवशी ट्रक रिकामाच परत फिरवला. गाडीतूनच म्हणाला, “तिकडे चिलीचा माल स्वस्त उतरलाय. जागतिकीकरणात रिस्क असतेच!” “मी निम्मा घड कापला, तू काय कापलंस?” मी ओरडलो. त्याने गाडीची काच वर केली. मऊ पडलेला माल शेवटी बेदाण्याला गेला. जगाचा बाजार मला तेव्हाही हवा होता, आजही हवा आहे. पण तो उघडल्याचं श्रेय घेणाऱ्या पुढाऱ्यांनी एवढं सांगावं, की शब्द मोडणाऱ्याला जाब विचारायला मी कुठल्या देशात जायचं?