दरबाऱ्याचा ताप

सौदीतल्या राबिघच्या रिफायनरीत असताना मी सतराव्या शतकातल्या इंग्लंडमधील एका राजनिष्ठ दरबाऱ्याचे चरित्र वाचत होतो. माझ्या हाताखालचा एक इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन, रत्नागिरीकडचा, शुक्रवारी सुरमई तळून मला जेवायला बोलावी. मोबदल्यात मी त्याला वाचलेले सांगे.

"काय वो साहेब, तुमचा दरबारी कुठवर आला?"

तो पार्लमेंटमध्ये पोचला होता. राजाचा एक मंत्री त्याचा जिवलग मित्र. त्या मित्राचा शिरच्छेद करावा की नाही, यावर मतदान व्हायचे होते. दरबारी त्या दिवशी तापाचे कारण सांगून घरी राहिला.

"ताप खरा की सरकारी?"

"चरित्रकार त्याबाबत गप्प आहे."

"म्हंजे सरकारी," काटा काढत तो म्हणाला.

त्याच सुमारास सौदीकरणाची यादी आली; तीत माझ्या टेक्निशियनचेही नाव होते. ज्याच्या जागी स्थानिक माणूस तयार झाला असेल, त्याला फायनल एक्झिट, म्हणजे कायमचे मायदेशी. तसा दाखला विभागप्रमुख या नात्याने मी द्यायचा होता. नव्या सौदी तंत्रज्ञाला तोच शिकवत होता, हातचे काही न राखता. तरी निम्मे शिकवणे बाकी होते.

"मार्चपर्यंत ओढा साहेब," तो म्हणाला. "मुलीची दहावी आहे इथल्या शाळेत. मग खलास."

मी मान डोलावली. 'अद्याप तयार नाही' एवढेच लिहायचे होते, आणि ते सत्य होते. परंतु माझ्याही इकाम्याचे, म्हणजे तिथल्या वास्तव्याच्या परवान्याचे, नूतनीकरण जवळ आले होते. वरिष्ठांना अडवणारा माणूस ठरण्याची मला भीती वाटली. मी 'तयार आहे' असे लिहून सही केली. त्याच्या हाती पत्र पडायचे होते, त्या दिवशी मी आजारपणाची रजा टाकली.

दुपारी तो डब्यात पेज घेऊन माझ्या खोलीवर आला. पत्र त्याच्या खिशात होते, आणि सोबतच्या दाखल्यावरची माझी सही त्याने पाहिली होती. त्याने माझ्या कपाळावर हात ठेवला, थोडा वेळ तसाच ठेवला.

"पुढं काय झालं त्या दरबाऱ्याचं?"

"लढाईत राजा हरला. हा परदेशी पळाला. राजाचा मुलगा गादीवर आला, तेव्हा परतला. मोठे पद मिळाले."

"बरं झालं. पेज गरम आहे तवर घ्या."

तो गेला. मुलीने ती परीक्षा कुठे दिली, हे मी आजतागायत विचारलेले नाही. पेज मात्र मी संपवली होती. मला भूक लागली होती.