ब्रश धुतलेलं पाणी

तळ्याच्या पायरीवर एक बाई चित्र काढत बसल्या होत्या. मी फेरी मारून परत आले तरी कागदावर तळं काही दिसेना. नुसते रंगाचे चौकोन, एकाशेजारी एक. न राहवून विचारलं, तर म्हणाल्या, "रंग वाळेपर्यंत पाणी बदलतं हो. मग तळं कधी काढू? जेवढं हाताला लागतं तेवढं ठेवते."

मी शेजारी टेकले. पाणी पोपटी होतं, मग राखाडी झालं, ढग सरकल्यावर क्षणभर पितळेसारखं. प्रत्येक रंगानंतर त्या ब्रश काचेच्या ग्लासात खळबळून घ्यायच्या.

"माझ्या माहेरी नदी होती," मी उगाच बोलून गेले.

"कुठल्या रंगाची?"

मला सांगता येईना. संध्याकाळी आई धुण्याचे शेवटचे पिळे बादलीत टाकून हाक मारायची आणि मी "एवढ्यात नको ना" म्हणत पाण्यातून पाय काढायची नाही, तेव्हाचा तो रंग. हिरवा म्हणावा तर हिरवा नाही, मातीचाही नाही. आई गेली, घर विकलं, त्या गावाला जायला आता कारण उरलं नाही. माणसांचे फोटो आहेत माझ्याकडे. नदीच्या रंगाचा फोटो कोण काढून ठेवतं?

उन्हं उतरली. बाईंनी सामान आवरलं आणि ग्लास गवतात ओतायला उचलला. दुपारपासूनचे सगळे रंग त्या पाण्यात विरघळले होते. हिरवा नाही, मातीचाही नाही.

"एवढ्यात नको ना," माझ्या तोंडून निघून गेलं.